स्टिअरिंगची तत्परता: वेगवान गाडीतील फेरबदलांचा आढावा

वेगवान गाडीचे स्टिअरिंग अधिक तत्पर करणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही, कारण या तत्परतेचे दोन घटक आहेत आणि ते एकमेकांपासून बरेच स्वतंत्र आहेत. चालकाने स्टिअरिंग व्हील हलवल्यापासून गाडीचे तोंड प्रत्यक्ष वळू लागेपर्यंत जो काळ जातो तो विलंब, आणि व्हील ठरावीक अंशांनी फिरवल्यावर गाडी किती वळते ते प्रमाण. फेरबदल करून घेणाऱ्याला बहुधा विलंब कमी झालेला हवा असतो, पण त्याच्या पदरात पडते ते बदललेले प्रमाण, आणि मग खर्च करून बसवलेला क्विक रॅक, म्हणजे व्हील कमी फिरवून चाके अधिक वळवणारा स्टिअरिंगचा भाग, महामार्गावर गाडीला अस्वस्थ का करतो याचा उलगडा त्याला होत नाही. या विषयावरील अभियांत्रिकी आणि शर्यतीच्या ट्रॅकवरचा अनुभव एकाच दिशेला बोट दाखवतात: हातापासून रस्त्यापर्यंतच्या साखळीत जी हालचाल वाया जाते ती आधी थांबवावी, मग टायरकडून वर चढत जावे, आणि रॅकला हात घालण्याची पाळी सर्वांत शेवटी यावी.

आजच्या बहुतेक मोटारींत रॅक-पिनियन पद्धतीचे स्टिअरिंग असते. स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला असलेले लहान दातेरी चाक, म्हणजे पिनियन, एका आडव्या दातेरी पट्टीला, म्हणजे रॅकला, डावी-उजवीकडे सरकवते आणि रॅकच्या दोन्ही टोकांना जोडलेले टाय-रॉड पुढची चाके वळवतात. व्हील १६ अंश फिरवल्यावर चाके १ अंश वळत असतील तर गुणोत्तर १६:१ झाले. रोजच्या वापराच्या गाड्यांत ते साधारण १४ ते १८ च्या दरम्यान असते. चाके दोन्ही बाजूंना मिळून ७० अंश वळतात असे धरले, तर १६:१ च्या गाडीत व्हीलला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीनपेक्षा थोडे अधिक फेरे लागतात आणि १२:१ च्या गाडीत सव्वादोनच्या किंचित वर. भारतीय रस्त्यांवर स्टिअरिंगच्या दोन पद्धती दीर्घकाळ शेजारी शेजारी धावल्या. अँबॅसिडरला मॉरिस ऑक्सफर्डकडून रॅक-पिनियन मिळाले होते, तर वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाटला आणि पुढे पद्मिनीला वर्मगिअरचा स्टिअरिंग बॉक्स होता. बॉक्सच्या पद्धतीत हातापासून चाकापर्यंत सांधे जास्त असतात आणि प्रत्येक सांधा झिजला की त्यात थोडा ढिलेपणा येतो; जुन्या गाड्या शर्यतीसाठी तयार करणारे मेकॅनिक इंजिनाइतकाच वेळ या सांध्यांवर घालवतात, तो याच कारणाने.

गुणोत्तर म्हणजेच तत्परता नव्हे, हे दाखवणारे दोन दाखले परस्परांशेजारी ठेवण्यासारखे आहेत. अल्फा रोमिओच्या जिउलिया या गाडीचे गुणोत्तर ११.८:१ आहे आणि तिच्या चपळाईचे श्रेय सर्रास त्याच आकड्याला दिले जाते. लोटसच्या एलिस या लहान स्पोर्ट्स गाडीचे गुणोत्तर मात्र १५.८:१, म्हणजे एखाद्या कौटुंबिक हॅचबॅकसारखेच आहे, आणि स्टिअरिंगला पॉवरची मदतही नाही. तरीही नेमक्या, तात्काळ प्रतिसादाचा मापदंड म्हणून ज्या गाड्यांकडे बोट दाखवले जाते त्यांत एलिसचे नाव फार वर असते. तिचे वजन कमी, चासी ताठ आणि सांधे घट्ट असल्यामुळे हाताची हालचाल वाटेत कोठेही मुरत नाही, हे त्याचे कारण.

वेगवान गुणोत्तराची खरी किंमत महामार्गावरच्या वेगाला कळते. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर, अडीच मीटर असलेली आणि पुढची-मागची पकड अगदी समतोल असलेली एक आदर्श गाडी घेतली, तर पुढची चाके १ अंश वळवल्यावर गाडीला बाजूच्या दिशेने मिळणारे त्वरण ताशी ३० किलोमीटर वेगाला दर सेकंद वर्गाला जेमतेम अर्धा मीटर असते आणि ताशी १०० किलोमीटरला ते पाच मीटरांच्या वर जाते, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हा फरक अकरा पटींचा आहे. प्रत्यक्षातल्या गाड्या इतक्या तिखट नसतात, कारण निर्माते त्यांत जाणूनबुजून अंडरस्टिअर ठेवतात, म्हणजे वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा थोडी अधिक घसरून गाडी अपेक्षेपेक्षा कमी वळेल अशी रचना करतात. १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये काम करणाऱ्या मॉरिस ऑली या अभियंत्याने या वर्तनाचा पद्धतशीर अभ्यास केला आणि सामान्य चालकाच्या हाती देण्याच्या गाडीत अंडरस्टिअर असणे हिताचे आहे, हा विचार त्यातून रुजला. कारखान्यातून आलेले गुणोत्तर, टायरची लवचीकता आणि हा अंडरस्टिअर एकमेकांना जुळवून ठरवलेले असतात. त्यांपैकी एकच बदलला की उरलेल्या दोघांचा हिशोबही बिघडतो.

रायगड जिल्ह्यातील रस्ता या प्रश्नाची कसोटी पाहण्यास चांगला आहे. हमरापूर फाट्यापाशी मुंबई–गोवा महामार्गाला लागून पेण, वडखळ, नागोठणे असे जाणाऱ्या आणि तेथून भिसे खिंडीने रोह्याला उतरणाऱ्या गाडीला एकाच प्रवासात सरळ काँक्रीटचा पट्टा, अर्धवट दुरुस्त केलेले तुकडे, खड्डे आणि खिंडीतली घट्ट वळणे असे सारे भेटते. पनवेल–इंदापूर या ८४ किलोमीटर टप्प्याच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली आणि ते वर्षानुवर्षे रेंगाळले, त्याचा हिशेब या भागातल्या गाड्यांच्या पुढच्या सस्पेंशनने चुकता केला आहे. गणेशोत्सवाच्या आधीच्या महिन्यांत हमरापूर, जोहे आणि आसपासच्या गावांतल्या कारखान्यांतून मूर्ती भरून निघणारे टेम्पो याच रस्त्यावर हळू, खड्डे चुकवत चालतात आणि मागून येणाऱ्या वेगवान गाडीला त्यांच्यामागून अचानक बाजूला व्हावे लागते. अशा वेळी हवा असतो तो स्टिअरिंगचा लवकर आणि तितकाच भरवशाचा प्रतिसाद. खाडीकाठची दमट, खारी हवा आणि पावसाळ्यातला चिखल यांमुळे बॉल जॉइंटवरचे रबरी बूट एकदा फाटले की आतले ग्रीस धुऊन जाते आणि सांधा लवकर झिजतो.

झिजलेल्या सांध्यांतल्या ढिलेपणाला गॅरेजात प्ले म्हणतात आणि स्टिअरिंगच्या तत्परतेचा निम्माअधिक प्रश्न या प्लेमध्ये आहे. तो रॅकच्या वर, म्हणजे चालकाच्या बाजूला, आहे की खाली, म्हणजे चाकाच्या बाजूला, याला फार महत्त्व आहे. क्विक रॅकची चर्चा करणारे या भेदाकडे क्वचितच पाहतात. टाय-रॉड एंडच्या बॉल जॉइंटमध्ये अर्ध्या मिलिमीटरचा ढिलेपणा आहे आणि चाकाला वळवणारा स्टिअरिंग आर्म १२० मिलिमीटर लांबीचा आहे असे धरले, तर चाक स्वतःच्या मर्जीने सुमारे पाव अंश इकडेतिकडे होऊ शकते. १६:१ च्या गाडीत हा पाव अंश चालकाच्या हाताला व्हीलवर सुमारे ४ अंशांच्या पोकळ हालचालीच्या रूपाने जाणवतो आणि चालक गॅरेजात तक्रार घेऊन जातो; १२:१ चा रॅक बसवला की तोच दोष हाताला ३ अंशांचाच वाटतो, पण रस्त्यावरचे चाक पूर्वीइतकेच भरकटत राहते. क्विक रॅक येथे दोष दूर करत नाही, लपवतो. याच्या उलट, स्टिअरिंगच्या दांड्यातल्या युनिव्हर्सल जॉइंटमध्ये व्हीलच्या बाजूने मोजलेला ४ अंशांचा प्ले असेल, तर १६:१ ला त्यातून चाकाची पाव अंशाची अनिश्चितता येते आणि १२:१ ला ती वाढून एक तृतीयांश अंश होते. रॅकच्या वरचा दोष क्विक रॅक मोठा करतो आणि खालचा दोष झाकतो, म्हणून झिजलेल्या गाडीत तो बसवणे दोन्ही अंगांनी नुकसानीचे ठरते.

हा दोष शोधण्यास महागडी यंत्रे लागत नाहीत. गाडी जमिनीवर आणि इंजिन चालू असताना एकाने व्हील बोटभर इकडेतिकडे हलवत राहावे आणि दुसऱ्याने खाली प्रत्येक सांध्यावर हात ठेवून कोठे एक भाग हलतो पण पुढचा हलत नाही ते पाहावे; मग गाडी जॅकवर उचलून चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवले तर टाय-रॉडकडचा प्ले समजतो, आणि बारा व सहाच्या जागी धरून हलवले तर व्हील बेअरिंग व लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याच्या, बॉल जॉइंटचा. केंद्रीय मोटर वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ व्हीलवर मोजलेला ३० अंशांपर्यंतचा प्ले चालवून घेतो, म्हणजे १६:१ च्या गाडीत चाकांची जवळजवळ २ अंशांची अनिश्चितता. हे मालमोटारींसह सर्व वाहनांसाठीचे किमान बंधन आहे आणि वेगवान गाडीच्या मालकाने त्यावर समाधान मानणे योग्य नव्हे. विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या गाड्यांच्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांत हीच मर्यादा एकूण ७ अंशांची असते, आणि आयआयटी मुंबईसारख्या संस्थांचे संघ ती पाळून गाड्या उतरवत आले आहेत.

प्ले संपला की पुढचा विषय टायरचा. टायर वळवल्याबरोबर बाजूचे बल देत नाही. त्याचा रबरी देह आधी पिळला जावा लागतो आणि त्यासाठी त्याला थोडे अंतर पुढे घरंगळावे लागते. प्रवासी गाडीच्या टायरसाठी हे अंतर साधारण अर्ध्या मीटरच्या आसपास धरता येते. ताशी ७२ किलोमीटरला गाडी सेकंदाला २० मीटर जाते, तेव्हा हा विलंब सेकंदाच्या चाळिसाव्या भागाइतका असतो, पण ताशी १८ किलोमीटरला तो सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत वाढतो. टायरची भिंत, म्हणजे साइडवॉल, जितकी उंच आणि मऊ, तितके हे अंतर जास्त. चाकणला तयार झालेल्या फोक्सवॅगन पोलोच्या वरच्या श्रेणीवर येणारा १८५/६० आर १५ हा टायर घेतला तर त्याच्या भिंतीची उंची १११ मिलिमीटर आणि एकूण व्यास सुमारे ६०३ मिलिमीटर होतो. १९५/५० आर १६ घेतला तर भिंत साडेसत्त्याण्णव मिलिमीटरांवर येते आणि व्यास ६०१ च्या वर राहतो, म्हणजे स्पीडोमीटर जवळजवळ खरेच दाखवतो. एवढ्या बदलाने स्टिअरिंगच्या पहिल्या हालचालीत पडणारा फरक अनेकदा रॅक बदलून मिळणाऱ्या फरकापेक्षा अधिक उपयोगी असतो. मात्र पेणच्या पुढे खड्ड्यात आदळल्यावर रिम वाकण्याची आणि टायरची भिंत फुगण्याची भीतीही त्याच मापात वाढते, म्हणून त्याहून बुटक्या टायरच्या मागे लागणे या भागात शहाणपणाचे नाही. रुंद, बाहेर आलेली रिम बसवताना ऑफसेट, म्हणजे चाकाचा मध्य आणि हबला टेकणारी बाजू यांमधील अंतर, बदलला तर ब्रेक लावताना किंवा एक चाक खड्ड्यात गेल्यावर व्हील हातातून ओढले जाते. टायर बदलण्याच्याही आधी हवेचा दाब गाडीच्या दारावर छापलेल्या आकड्याला आहे का एवढे पाहणे, हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

यानंतर चाकांचे कोन येतात. वरून पाहिले असता पुढच्या चाकांची तोंडे किंचित आत असणे म्हणजे टो-इन आणि किंचित बाहेर असणे म्हणजे टो-आऊट. टो-इन सरळ रस्त्यावर स्थैर्य देतो. थोडा टो-आऊट वळणाच्या सुरुवातीला गाडीला चटकन आत घालतो, पण सरळ रस्त्यावर तिला सतत सांभाळावे लागते आणि टायरची आतली कड लवकर खाल्ली जाते. समोरून पाहताना चाकाचे वरचे टोक आत झुकलेले असणे, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर, एक-दीड अंशापर्यंत असले तर वळणावर बाहेरच्या टायरचा पूर्ण तळ रस्त्याला टेकतो. बाजूने पाहताना चाक ज्या आसाभोवती वळते तो मागे झुकलेला असणे म्हणजे कास्टर. तो वाढवला की व्हील मध्यावर परत येण्याची ओढ वाढते आणि मधली, शून्याजवळची जाणीव स्पष्ट होते. रस्त्यावरच्या गाडीसाठी कास्टर निर्मात्याच्या मर्यादेत वरच्या बाजूला, कॅम्बर दोन्ही बाजूंना सारखा आणि टो शून्याजवळ, ही मांडणी सहसा फसत नाही. अलाइनमेंटवाल्याकडून केवळ ‘ओके’ हा शब्द न घेता आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा छापील कागद मागून घ्यावा, एवढा आग्रह मालकाने धरलाच पाहिजे.

लोअरिंग स्प्रिंग लावून गाडी खाली बसवण्याची हौस येथे घात करते. मॅकफर्सन स्ट्रट पद्धतीच्या पुढच्या सस्पेंशनमध्ये, जी भारतातल्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडान गाड्यांत आहे, गाडी खाली आली की लोअर आर्म बाहेरच्या टोकाला वर चढलेला दिसू लागतो. गुरुत्वमध्य जितका खाली येतो त्याहून अधिक वेगाने रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडीचा देह वळणावर कलतो तो, खाली सरकतो, आणि त्यामुळे स्प्रिंग कडक करूनही कल अपेक्षेइतका कमी होत नाही. त्याच वेळी टाय-रॉड आणि लोअर आर्म वेगवेगळ्या वर्तुळांत फिरू लागल्याने चाक वरखाली होताना आपोआप वळते. याला बंप स्टिअर म्हणतात. गुळगुळीत ट्रॅकवर हे खपून जाते, पण वडखळच्या पुढच्या उखडलेल्या पट्ट्यावर व्हील स्थिर धरूनही गाडी स्वतःची वाट शोधू लागते, आणि त्यात क्विक रॅकही बसवलेला असेल तर ती सावरणे अधिक कठीण होते.

बुश, म्हणजे सस्पेंशनच्या सांध्यांतली लवचीक नळी, आणि अँटी-रोल बार यांच्या बाबतीत थोड्या पैशांत मोठा फरक पडतो. लोअर आर्मच्या मागच्या रबरी बुशमध्ये चीर पडली असेल तर ब्रेक लावताना आणि वळताना चाक मागेपुढे सरकते आणि नेमकेपणा जातो. तेथे कंपनीचा नवा रबरी बुश घातला तरी गाडी पुन्हा तरुण झाल्यासारखी वाटते. त्याऐवजी कडक पॉलियुरेथेनचा बुश घातला तर प्रतिसाद अधिक थेट होतो, पण रस्त्याची खडखड डॅशबोर्डपर्यंत पोचते आणि निर्मात्याने त्या लवचीकतेतून मुद्दाम साधलेला अंडरस्टिअरचा वाटा कमी होतो. अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या सस्पेंशनला जोडणारी पिळाची सळई, व्यासाच्या चौथ्या घाताने ताठ होते. २० मिलिमीटरची सळई काढून २२ ची घातली तर ताठरपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. ही वाढ पुढे केली तर अंडरस्टिअर वाढतो आणि मागे केली तर कमी होतो, म्हणून पुढे ओढणाऱ्या गाड्यांत, वळणात शिरण्याची चपळाई हवी असल्यास, मागचा बार हा अधिक विचारपूर्वक केलेला खर्च ठरतो. मात्र ओल्या रस्त्यावर मागची बाजू सुटू लागण्याची शक्यता त्याबरोबर स्वीकारावी लागते, आणि कोकणातल्या पावसात ती लहान नसते. शॉकॲब्सॉर्बरविषयी एवढेच पुरेसे आहे की थकलेले शॉकॲब्सॉर्बर तसेच ठेवून वरील कोणत्याही बदलाचा अंदाज बांधता येत नाही.

हे सारे झाल्यावरही गुणोत्तर बदलायचेच असेल तर तीन मार्ग आहेत: बारीक-मोठ्या दात्यांचा दुसरा रॅक बसवणे, स्टिअरिंगच्या दांड्यात गती वाढवणारा क्विकनर नावाचा गिअर घालणे, किंवा स्टिअरिंग आर्म आखूड करणे. तिसरा मार्ग सर्वांत घातक, कारण तो बंप स्टिअर आणि आतल्या-बाहेरच्या चाकांचे वळण्याचे परस्पर प्रमाण, दोन्ही बिघडवतो. गुणोत्तर १६ वरून १२ वर आणले की हाताला लागणारा जोर एक तृतीयांशाने वाढतो. रांजणगावला तयार झालेल्या फियाट पुंटोसारख्या हायड्रॉलिक स्टिअरिंगच्या गाडीत पंप आणि व्हॉल्व्ह हा जोर बराचसा उचलतात. विजेवर चालणाऱ्या स्टिअरिंगमध्ये मात्र मोटरची मदत एका ठरावीक आलेखावर बेतलेली असते आणि तो आलेख नव्या रॅकला ओळखत नाही. त्याहून गंभीर अडचण ईएससीची, म्हणजे गाडी घसरू लागल्यास एकेका चाकाला ब्रेक लावून तिला सावरणाऱ्या यंत्रणेची आहे: व्हीलचा कोन वाचून चालकाला कोठे जायचे आहे हे ती मूळ गुणोत्तराच्या आधारे ठरवते, म्हणून क्विक रॅकच्या गाडीत ती चालकाचा हेतू चुकीचा वाचते आणि नको तेथे ब्रेक लावू शकते. मोठ्या कंपन्यांनी या अडचणींवर वेगळा तोडगा काढला. होंडाने २००० मध्ये एस२००० च्या एका आवृत्तीत आणि बीएमडब्ल्यूने २००३ मध्ये फाइव्ह सीरिजमध्ये वेगानुसार बदलणारे गुणोत्तर आणले, म्हणजे पार्किंगला झटपट आणि महामार्गाला संथ.

शर्यतीच्या गाडीची गोष्ट वेगळी, कारण तिला रोजचा रस्ता, पाऊस आणि थकलेला चालक यांचा विचार करावा लागत नाही. कोल्हापुरातल्या मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर धावणारी गो-कार्ट हे त्याचे टोकाचे रूप आहे. तिला सस्पेंशन नाही, सांधे मोजके आहेत, आणि व्हील जितके फिरते जवळजवळ तितकीच चाके वळतात. जोडलेल्या मागच्या आसामुळे वळणात आतले मागचे चाक उचलले जावे लागते, आणि ते काम पुढच्या चाकांचा मोठा कास्टर करतो, तेव्हा कार्टमधले इतके वेगवान प्रमाण केवळ चपळाईसाठी नसून वळणे शक्य व्हावे यासाठीही आहे.

बदलाचा परिणाम मोजण्याच्या पद्धती ठरलेल्या आहेत. आयएसओ ७४०१ या मानकानुसार ठरावीक वेगाला व्हीलला एकदम झटका देऊन गाडीच्या वळण्याचा वेग आणि पार्श्विक त्वरण किती विलंबाने व किती उंचीवर जाते हे नोंदवतात. आयएसओ ३८८८ मध्ये अडथळा चुकवण्याची चाचणी आहे; अशा प्रकारची चाचणी १९९७ मध्ये स्वीडनमध्ये मर्सिडीज ए-क्लास उलटल्यावर सर्वत्र चर्चेत आली. पुण्यातील, १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया आणि पीथमपूरची नॅट्रॅक्स चाचणी सुविधा येथे गाड्या तपासण्याची साधने आहेत. लहान वर्कशॉपलाही, बंद मैदानावर, गाडीच्या डायग्नॉस्टिक सॉकेटमधून व्हीलचा कोन आणि साध्या जायरोस्कोपवरून वळण्याचा वेग नोंदवून दोन्ही आलेखांमधील अंतर पाहता येते.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. मोटर वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोरपणे वाचले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. झिजलेले टाय-रॉड एंड, बुश आणि शॉकॲब्सॉर्बर मूळ मापाचे नवे घालणे, निर्मात्याने मान्य केलेल्या मापाचे चांगले टायर बसवणे आणि कोन त्याच्या मर्यादेत लावणे, ही विलंब कमी करणारी कामे या चौकटीत बसतात. अडचण येते ती क्विकनर, परका रॅक आणि आखूड आर्म यांची, आणि म्हणून असे बदल केलेली स्पर्धेची गाडी ट्रॅकपर्यंत ट्रेलरवरूनच नेली पाहिजे.